दहावं नाव

सहल ठरवायची म्हटलं की आमच्या शाळेत सगळे माझ्याकडे बघतात, आणि मला ते आवडतं, हे आधीच कबूल करते. याद्या करायच्या, फोन लावायचे, उशीर करणाऱ्यांवर डाफरायचं, हे माझ्या अंगातच आहे. गेल्या हिवाळ्यात शिक्षकांची सहल काढायचं ठरलं, तेव्हा दरवेळचं कपिलधार नको म्हणून पहिला आवाज मीच काढला. मी म्हटलं, धरणातल्या बेटावर जाऊ.

बेट म्हणजे धरणात गेलेल्या एका गावाचा उंचवटा. गाव बुडालं, एवढाच तुकडा पाण्याबाहेर राहिला. त्यावर पक्षी अंडी घालायला लागले आणि वनखात्याने तो राखीव केला. आता वर्षातले थोडेच महिने तिथे जाता येतं, तेही एका वेळी दहाच माणसांना, आधार कार्डाच्या झेरॉक्स जोडून अर्ज केल्यावर. नावं एकदा दिली की बदलत नाहीत.

आम्ही शिक्षक नऊ. दहाव्या नावाचा प्रश्न पडायच्या आतच सुटला. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी भांडी घासता घासता विचारलं, बेटावर जायचं चाललंय ते खरं का. ते त्यांचं माहेर होतं. त्या सात-आठ वर्षांच्या असताना त्यांची आई गेली आणि तिला त्याच उंचवट्यावर माती दिली, कारण त्या लिंगायत. पुढे धरण झालं. बेट राखीव नव्हतं तोवर मासे धरणारे लोक मावशींना थर्माकोलच्या तराफ्यावरून नेऊन आणायचे आणि त्या समाधीवर बेल वाहून यायच्या. राखीव झाल्यापासून पाच-सहा वर्षं त्या काठावरूनच हात जोडत होत्या. अर्जाबिर्जाच्या भानगडीत त्यांना कोण मदत करणार? मी म्हटलं, "मावशी, दहावं नाव तुमचं. मी आहे ना."

शनिवारी शाळा सुटल्यावर नियम विचारायला मी त्यांना सोबत घेऊनच वनखात्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने सांगितलं की खाणं न्यायचं नाही, प्लॅस्टिक न्यायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही. मावशींनी मागून हळूच विचारलं, बेलाचं एक पान नेलं तर चालेल का. पूजेचं काहीही चालणार नाही, असं तो जरा तुटकपणेच म्हणाला. परत येताना मावशी म्हणाल्या, पान नसलं तरी चालतंय, नुसतं हात लावून येईन.

त्याच संध्याकाळी पुण्याहून माझ्या नणंदेचा फोन आला. तिच्याकडे मोठा कॅमेरा आहे, पक्ष्यांचे फोटो काढते, आणि आमच्या बीडला काय बघण्यासारखं आहे, असं लग्नापासून मला ऐकवत आली आहे. बेटाचं कानावर घालायची हौस मलाच होती. ती म्हणाली, "वहिनी, मला न्याल का?" आजवर तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी एका दमात हो म्हटलं.

रविवारी मी अर्ज नव्याने लिहिला. नऊ नावं तीच ठेवली, दहावं नणंदेचं घातलं आणि सोमवारी तो देऊन आले. कुणी दटावलं नव्हतं, कुणी भीड घातली नव्हती. स्वतःचं नाव गाळता आलं असतं, पण ते माझ्या मनात आलंसुद्धा नाही. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

मंगळवारी मावशींना म्हणाले, वनखात्याने तुमचं नाव घेतलं नाही. का, याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. त्याची गरजच पडली नाही.

"माझ्यामुळंच झालं ओ बाई. मी कशाला बेलाचं इचारलं त्या सायबाला?" त्या म्हणाल्या. "तुमाला उगा खाली बघाय लावलं."

तेव्हा खरं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, असू द्या मावशी, पुढच्या वर्षी बघू.

सहलीच्या दिवशी पहाटे उठून त्यांनी आम्हा दहा जणांचे धपाटे केले, काठावर खायला. डबा हातात देताना एवढंच म्हणाल्या, कडुलिंबाच्या उगवतीला सपाट दगड आहे, माझ्या वाटणीचे हात जोडा. मी हो म्हटलं. बेटावर चमचे, शेकाटे असे पक्षी होते, नणंद खूश होती आणि सगळे माझं कौतुक करत होते. हात जोडायचं मी विसरले.

दुसऱ्या दिवशी मावशी पदराला हात पुसत आल्या आणि फोटो दाखवा म्हणाल्या. मी मोबाइलवर एकेक सरकवत होते. आमच्या सगळ्यांच्या फोटोपाशी त्यांनी माझा हात धरला. वनरक्षकाने काढलेला फोटो होता. मधोमध मी, एका सपाट दगडावर ऐसपैस बसलेली, हसणारी. मावशींनी माझ्याखालच्या दगडावर बोट ठेवलं.

"हीच ओ बाई. हीच माजी माय."

मला कळलं नाही मावशी, असं काहीतरी मी पुटपुटले.

"तुमाला कसं कळंन? आमच्यात मानसाला बसवून माती देत्यात. ती खाली बसल्याली हाय, तुमी वर बसलात. तेवढीच सोबत झाली तिला."

त्यांनी बोट कपाळाला लावलं. मग तो फोटो मोठा करून मागितला. मी घरी बसून स्वतःला त्यातून कापायचा खूप प्रयत्न केला. पण मला कापलं की दगडच उरत नव्हता. शेवटी होता तसाच काढून दिला.

तो आता त्यांच्या घरात भिंतीवर आहे. परवा त्यांच्या नातवाच्या बारशाला गेले तेव्हा त्यावर बेलाची ताजी पानं होती. मावशींनी मला हाताला धरून पाव्हण्यांपुढे नेलं आणि फोटोतली मी दाखवून म्हणाल्या, "ह्या बाईंनी लई खटपट केली माझ्यासाठी. सायबानंच ऐकलं न्हाई." बायकांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं, आणि मी त्यांना नमस्कार केला.