रिळाचा ब्रेक

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की मला तापीचा काठ आठवतो. वडील, म्हणजे अण्णा, सुरतेत यंत्रमागावर कामाला होते. तिथे धागा सैल पडला की कापड बिघडतं. म्हणून एकदा तापीवर मासे धरताना, गळाची दोरी गुंडाळायच्या नव्या रिळाचा ब्रेकही त्यांनी करकचून आवळला. त्यांच्या गळाला पहिल्यांदाच मोठा मासा लागला होता.

"अहो, ढील द्या, हा माग नाही!" आई ओरडली.

"ढील दिली तर जाईल ना तो!" अण्णा म्हणाले, आणि दोरी तुटली. आम्ही पोट धरून हसलो.

आता अण्णा अंथरुणावर आहेत. ते उठणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तरी दर रविवारी मी ते रीळ पुसून त्याला शिलाई मशीनचं तेल देते.

"ब्रेक ढिला ठेवलास ना, माय?" अण्णा पडल्या पडल्या मला विचारतात.

"ठेवला," म्हणते आणि रीळ कपाटात ठेवते.