मामाच्या रंगाचा आजार

“मलेरिया आटोक्यात आलाय. पण तुमच्या लाल पेशी आतल्या आत फुटायला लागल्यात,” असं म्हणत डॉक्टरांनी माझ्या लघवीची बाटली खिडकीकडं धरली. आत कोऱ्या चहापेक्षा काळं काहीतरी होतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी उचगावात लेथवर कामाला होतो. गोव्यात मशीन बसवायला गेलतो, तिथून परतलो ते हुडहुडी घेऊनच. रक्तात व्हायवॅक्स मलेरिया निघाला. क्लोरोक्विननं ताप उतरला. तो उलटू नये म्हणून मग प्रायमाक्विनच्या गोळ्या सुरू झाल्या.

विचित्र हे, की मला बरं वाटत होतं. ताप नव्हता, दुखत नव्हतं, भूकही लागायची. फक्त रंग जात होता. आधी डोळे पिवळे झाले, मग तळहात कागदासारखे पांढरे, ओठ निळसर. आरशात बघायचं मी टाळू लागलो.

दवाखान्यात आई उशाशी बसली आणि मला “दत्तू” म्हणाली. दत्तू म्हणजे तिचा भाऊ, माझ्या जन्माआधीच वारलेला.

“आई, मी सुरेश.”

“व्हय रं. पर त्यो बी मरताना असाच दिसत हुता.”

डॉक्टर दारातून मागं वळले. “काय झालतं त्यांना?”

“हिवताप. सरकारी माणसं घरी गोळ्या दिऊन गेली. वहिनीनं सोताच्या हातानं दिल्या. मग काळं मुतला आन् गेला. तिनंच गोळीत काय तरी घातलं म्हणून आमी तिला आजऱ्याला, माहेरी घालवली.”

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. मलेरियाचा जंतू लाल पेशीत राहून तिलाच खातो, त्यातून पेशीला जाळणारी द्रव्यं तयार होतात, प्रायमाक्विननं ती आणखी वाढतात, असं त्यांनी सांगितलं. त्यांना थोपवणारं जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम माझ्यात जन्मापासून कमी असावं. हा दोष आईकडून मुलग्यात उतरतो.

“तुमच्या भावाला कुणी मारलं नाही, आजी,” ते म्हणाले.



गोळ्या त्याच वेळी बंद झाल्या. सलाईन, रक्ताच्या बाटल्या. कुणाचं तरी रक्त थेंब थेंब आत येत होतं आणि मी नखांचा रंग बघत पडून होतो. जी-सिक्स-पीडीची पहिली तपासणी नॉर्मल आली. डॉक्टर म्हणाले, जुन्या पेशी फुटून गेल्यात, नव्या कोवळ्या पेशी फसवतात. दोन महिन्यांनी परत केली, तेव्हा दोष दिसला. बहिणीच्या मुलातही निघाला.

तुमच्यापैकी कुणाला ही प्रायमाक्विनची गोळी द्यायची वेळ आली, तर आधी जी-सिक्स-पीडीची तपासणी करायला सांगा. गोळीनंतर लघवी काळी झाली तर बरं वाटतंय म्हणून घरी बसू नका.

मला चालता यायला लागल्यावर आईनं मला घेऊन आजऱ्याची एसटी धरली. मामी भावाच्या पडवीत काजू फोडत बसली होती. आईनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

मामी म्हणाली, “मी तवाच सांगत हुते की, वन्सं.”

मामी उठली, हात धुऊन आली आणि तिनं माझी खालची पापणी बोटानं ओढून बघितली.

“लाल हाय,” ती म्हणाली. “त्यांची पांढरीफेक झालती.”