पिपलानीतली फोडलेली भिंत

मित्रहो, कारखान्याच्या टाउनशिपच्या ऑफिसात माझं काम रिकामी क्वार्टर्स ताब्यात घेण्याचं. आज सकाळी टाउनशिपच्या पिपलानी भागात गेलो. निवृत्त झालेले देशपांडेकाका नागपूरला निघाले होते. ट्रक दारात उभा होता.

अडचण निघाली मागच्या अंगणात. शेजारच्या क्वार्टरकडची भिंत माणूस जाईल एवढी फोडलेली. काकू शेवटच्या आजारात अंथरुणावर होत्या तेव्हा शेजारच्या सक्सेनाभाभींना जेवणाचं ताट घेऊन येताना रस्त्याने वळसा पडू नये, म्हणून काकांनीच फोडली होती. भगदाड बुजवल्याशिवाय किल्ली घ्यायची नाही, असा नियम. नवा भाडेकरू लेखी मान्यता देत असेल तरच सूट.

काकांनी मिस्त्री आणला होता. पण भाभी त्या भगदाडातच खुर्ची टाकून बसल्या.

"साहब, पहले नए लोगों को आने दो."

"भाभी, ट्रक खड़ा है," काका म्हणाले.

"खड़ा रहने दो. नागपुर में कौन चाय लेके बैठा है?"

काकांनी मिस्त्रीला थांबायची खूण केली.

तेवढ्यात नवी भाडेकरू घर बघायला आली. कारखान्यातली तरुण टेक्निशियन, कडेवर लहान मुलगी. मी तिला नियम सांगितला. तिने भिंतीकडे पाहिलं, मग भाभींकडे.

"आंटी, मेरी सेकंड शिफ्ट रहती है. ये आपके पास बैठ जाएगी?"

भाभींनी खुर्चीवरूनच हात पुढे केले.

तिने फॉर्मवर लिहिलं, भिंत आहे तशी मान्य. सही केली.

किल्ली नियमाने माझ्या हातात यायला हवी. काकांनी ती थेट तिच्या हातात दिली. मी काही बोललो नाही.

तुम्ही असता तर बोलला असता का?