पुसलेली दोन घरं

थोरलीचा स्वभाव तसा वाईट नव्हता. फक्त धाकट्या जावेचं काही बरं झालं की तिच्या पोटात दुखायचं. दोघींची घरं एकाला एक लागून, अंगणांच्या मध्ये डोक्याएवढी भिंत. धाकटीने दाराला पितळी कडी लावली, तर थोरलीने दोन लावल्या. दुसरी कशासाठी, ते नवऱ्याला आजतागायत कळलेलं नाही.

थोरली पुढच्या खोलीत कपडे शिवायची. हात असा सफाईदार की उसवलेलं कुठे होतं ते शोधून सापडू नये. नव्या गिऱ्हाइकाला ती फोनवर पत्ता सांगत बसायची नाही. "नकाशात आमच्या रस्त्याचा फोटो उघडा. खिडकीत लाल फ्रॉकचा पुतळा दिसेल, तेच घर." नकाशासाठी फोटो काढणारी गाडी गल्लीतून गेली त्या दिवशी पुतळ्याच्या अंगावर तो फ्रॉक होता. फ्रॉक कधीच विकला गेला, पण फोटोत तो होता आणि त्याच्या जिवावर धंदा चालला होता.

एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "शेजारचं घर कुणा बड्या माणसाचं आहे का हो? नकाशात पुसलंय."

थोरलीने मशीन थांबवून फोन घेतला. खरंच की! धाकटीचं अख्खं घर धूसर, वाफ धरलेल्या काचेमागे असावं तसं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"असं काय आहे हिच्या घरात झाकण्यासारखं?" ती नवऱ्यावर उखडली.

"तिचं घर, तिची मर्जी. तुला काय करायचंय?"

"म्हणजे आपलं घर तेवढं उघड्यावर! चोरानेसुद्धा बघून म्हणावं, इथे काही नाही, पुढे चला!"

तिने तिथल्या तिथे आपल्या घराभोवती चौकट ओढली, कारणात 'सुरक्षा' लिहिलं. एकदा पुसलं की परत दिसणार नाही, अशी सूचना आली. कायमचं म्हटल्यावर तर तिला जास्तच बरं वाटलं. पुतळ्याची आठवणसुद्धा झाली नाही.

काही दिवसांनी घर पुसलं गेलं, आणि लाल फ्रॉकही गेला. नवी गिऱ्हाइकं गल्लीच्या तोंडाशी उभी राहून फोन करायची; काही तिथूनच परत जायची. मशीन दुपार-दुपार गप्प असायचं. चूक कळली होती, पण कबूल कुणापाशी करायची?

अशात धाकटी एका वाट चुकलेल्या बाईंना घेऊन दारात आली. बाई मापं देऊन गेल्या, तरी ही जागची हलेना.

"वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"कसले गं?"

"नाटक नका करू. ती गाडी आली तेव्हा मी भिंतीवरून तुमच्याकडे बघत होते. तुमच्या दारात इतकी माणसं, आणि माझ्याकडे कुत्रं फिरकत नाही. जळत होते, खरं सांगते. फोटोत चेहरा पुसट होता, पण माझा पिवळा गाऊन कोण ओळखणार नाही? माझ्या बहिणीने बघितलं आणि पोट धरून हसली. मी माझं घर पुसून घेतलं, तरी तुमच्या बाजूला डोकावलेली मी तुमच्या घराच्या फोटोत तशीच राहिले. तुम्ही बघितलंत, आणि एका शब्दाने न बोलता तेही पुसून टाकलंत. धंद्याची पर्वा केली नाहीत."

तो फोटो थोरलीने पूर्वी शंभरदा उघडला असेल, पण नजर कायम पलीकडे, धाकटीच्या नव्या पडद्यांवर. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिच्यावर जळलं होतं, साऱ्या जगाला दिसेल असं. आणि ते तिने स्वतःच्या बोटाने पुसलं होतं.

"म्हटलं, घरातली गोष्ट... लोकांना कशाला?" ती कशीबशी म्हणाली.

धाकटीने डोळे पुसले. थोरलीला मात्र राहवेना.

"कशी उभी होतीस गं? दाखव तरी."

धाकटी लाजत पलीकडे गेली. भिंतीमागे बादली पालथी घातल्याचा आवाज आला. तो आवाज थोरलीच्या ओळखीचा होता. तिची स्वतःची बादली भिंतीच्या अलीकडे कायम पालथी असायची. मग धाकटीचं डोकं वर आलं, हनुवटी भिंतीवर टेकली.

थोरली खिडकीत पुतळ्याशेजारी उभी राहून डोळे भरून बघत राहिली.

"अजून जरा वर ये," ती म्हणाली.