दुधाच्या कॅनला डाख

"आबा, डोकं फिरलंय का तुमचं?" मी न्हाणीघराचं दार ढकलून ओरडले. इंदापूरहून सकाळच्या एसटीनं कऱ्हाटीला माहेरी आले, तर माझे वडील दार लावून न्हाणीघरात बसलेले. पुढ्यात दुधाचा स्टीलचा कॅन, हातात माझ्याच दुकानातली जुनी सोल्डरगन आणि शेजारी संडास धुवायच्या ॲसिडची बाटली. सगळीकडं धूर.

"वाऱ्यानं डाख थंड हुतो," ते खोकत म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिक्सर-मोटारी दुरुस्त करते मी, डाख देणं माझं रोजचं काम. स्टीलवर डाख सहज धरत नाही. पत्रा घासावा लागतो, ॲसिड लावावं लागतं. तो धूर छातीत जातो आणि तापल्या पत्र्यावरचा थेंब उडतो तो थेट डोळ्यात. आबांना तर डोळा एकच. दुसरा उसाचं पाचट काढताना पात लागून गेला.

"चष्मा कुठाय?"

"त्यानं दिसत न्हाय मला."

"आन् डोळा गेल्यावर दिसंल व्हय?"

कॅनच्या बुडाला चीर गेल्यापासून मी फोनवर घसा फोडून सांगत होते, बारामतीला वेल्डरकडं न्या. रोज उत्तर एकच, बघू. चिकटपणा, दुसरं काय, असं मला वाटायचं.

सगळं सामान मी अंगणात ओढलं. वारं पाठीवर घेऊन त्यांना बसवलं, माझ्या कामाच्या पिशवीतला चष्मा आणि हातमोजे त्यांना चढवले. त्यांची शिशाची तार उकिरड्यावर भिरकावली. दुधाच्या भांड्याला शिसं! पिशवीतून माझी बिनशिशाची तार काढून दिली, ॲसिडही माझंच.

"करा आता. लय हौस हाय न्हवं!"

आबा इतके वाकले की चष्मा कॅनला टेकला. सोल्डरगनचं टोक चिरेपासून चार बोटं लांब टेकलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा लांबच. मी त्यांच्या डोळ्यावरचा चष्मा काढून पुसला, परत घातला. तरी तेच.

"आबा, चीर कुठं हाय?"

ते दुसऱ्या हातानं पत्रा चाचपत राहिले.

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं धुरकट दिसतंय."

"मग सांगायला काय झालं हुतं? तोंड शिवलं हुतं का?"

"डाक्टर आपरेशन म्हणंल. एकच हाय, पोरी. त्यो बी गेला मंजी?"

मला रडू येत होतं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं. मग एकदम आठवलं, हा माणूस रोज सकाळी मोटारसायकलला दोन कॅन अडकवून डेअरीला जातो.

"आन् गाडी? गाडी कशी चालवता?"

"डेअरीचा रस्ता तोंडपाठ हाय," आबा खाली मान घालून म्हणाले. "बारामतीचा न्हाय."

मी सोल्डरगनची पिन उपटली. खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली आणि कॅन गाडीच्या बाजूला करकचून बांधला.

"बसा मागं. आदी डोळ्याचा डाक्टर, मग वेल्डर."

"आगं, दूध घालायचं ऱ्हायलंय."

"नासू द्या!"

आबा माझा चष्मा तसाच डोळ्यावर ठेवून मागं बसले. गाडी सुरू झाली तसा त्यांनी माझा खांदा धरला आणि बारामती येईपर्यंत सोडला नाही.