घडीआत्याच्या कपाटातल्या चादरी

आमच्या इमारतीत कुणाकडे काय शिजतंय ते मला वासावरून कळतं आणि कोण कुणाशी बोलत नाही ते दारातल्या चपलांवरून. पण तिसऱ्या मजल्यावरच्या घडीआत्याच्या कपाटात काय आहे, ते कित्येक वर्षं मला कळलं नव्हतं. माझ्यासारख्या माणसाला ही केवढी नामुष्की!

आत्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कामाला. आलेले कपडे तपासायचे, धुऊन आले की घड्या घालायच्या. लग्न केलं नाही. धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची छोटी पोर, यांच्यात राहायची. सगळी इमारत सल्ल्याला तिच्याकडे. "स्वेटर हँगरला टांगलास? खांदे लोंबून पोतं होईल त्याचं!" "रेशमाची घडी मोडून अधूनमधून दुसरीकडून घाल, नाहीतर तिथेच चिरतं." "पर्समध्ये रद्दी कोंब, पट्टे गुंडाळून ठेव." लोकांची कपाटं ती धडाधड उघडायची. स्वतःच्या कपाटाला मात्र कुलूप, आणि किल्ली गळ्यात.

मी एकदा चिडवलं, "काय गं, नवरा लपवलायस का आत?"

"लपवला असता तर घडी घालून ठेवला असता," ती म्हणाली. हसली, पण हात किल्लीवर गेलाच.

एकदा आत्या तापाने निजली असताना कपाट उघडं राहिलं आणि पोरीने डोकावून घेतलं. बातमी अर्थात माझ्यापर्यंत आली. प्रत्येक कप्प्यात कपड्यांखाली एक चादर, तिचे चारही कोपरे बाहेर लोंबणारे. धुळीसाठी असेल, असं आम्ही ठरवून टाकलं.

मग भावाने समोरच्या इमारतीत मोठं घर घेतलं. नव्या कपाटांसाठी सुतार मापं घ्यायला आला. मी साखर मागायला, म्हणजे सुतार कसा आहे ते बघायला, वर गेलो. भावाचा कोट किती लांब, भावजयीचे ड्रेस किती, पोरीचे फ्रॉक किती, सगळं टेपने मोजून झालं.

"आणखी कुणाचं?" सुताराने विचारलं.

"नाही, एवढंच," भावजय म्हणाली. टेप खटकन आत गेली.

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आपल्या खोलीत गेली. चेहरा असा, की मी साखरेची वाटी तशीच धरून मागोमाग गेलो. कपाट सताड उघडं. ती चादरीचे कोपरे ओढत होती, गाठ मारत होती. बघता बघता कपाट रिकामं झालं आणि पलंगावर गाठोडी रचली गेली.

"अगं, हे काय चाललंय?"

"हळू बोला," ती कुजबुजली. "पोरीएवढी होते मी. घरमालकाने आमचं सामान रस्त्यावर फेकलं. वारा सुटलेला. बाबांचा शर्ट गटारात, माणसं त्याच्यावरून चाललेली. मी एकेक कपडा वेचत होते, हातात मावत नव्हते. भाऊ तर पाळण्यात होता, त्याला काय आठवणार? तेव्हापासून चादर. कोपरे ओढले की निघाले. परत रस्त्यावर वेचायची नाही मी."

"पण तुला जा म्हणतंय कोण?"

"माझं माप घेतलं नाही ना."

भावजय मागच्याच आठवड्यात जिन्यात म्हणाली होती, नव्या घरातही जागा पुरायची नाही. ते आठवलं आणि मी साखरेची वाटी खाली ठेवली.

पावलं वाजली. आत्याने गाठोडं छातीशी धरलं. दारात भावजय, तिच्यामागे सुतार.

"वन्सं, कुठे निघालात?" तिचा चेहरा पांढराफटक.

"एवढंच, म्हणालीस ना त्याला?"

"मग काय म्हणू? तुमच्या कपाटाला हात लावायची छाती आहे का माझी? नवी नवी आले तेव्हा एकदा किल्ली मागितली होती. असं बघितलंत माझ्याकडे, की अजून धडकी भरते! म्हटलं, तुमचं तुम्हीच सांगाल, म्हणून याला घेऊन आले." ती मटकन पलंगावर बसली. "तुम्ही गेला असतात तर यांना काय तोंड दाखवलं असतं मी?"

सुताराने कानावरची पेन्सिल काढली. "आत्या, गाठी सोडा आधी. गाठोड्याच्या मापाचं कपाट मला नाही येत."

आत्याला गाठ सुटेना. शेवटी भावजयीने सोडली.

"टांगायला दांडी हवी की नुसते कप्पे?"

आत्याने पलंगावरच्या चादरीकडे पाहिलं. टांगलेले कपडे एका ओढीत निघत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक!

"दांडी," ती म्हणाली. आणि लगेच, "एक कप्पाही. खालचा."

आता ती मंडळी समोर राहतात. परवा भावजय भाजीच्या पिशव्या घेऊन रस्त्यात भेटली.

"काका, वन्संच्या कपाटाला आता कुलूप नसतं. पण काल माझा कप्पा आवरायला काढला, तर कपड्यांखाली चादर! यांच्याही कप्प्यात. पोरीच्या फ्रॉकांखालीसुद्धा."

"मग? काढून टाकल्यास की नाही?"

तिने मागे वळून आपल्या नव्या खिडकीकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"काढणारच होते. मग एकदा कोपरे ओढून बघितले. सगळं बसतं त्यात."