हमीदचाचांशिवायचा हुरडा

जानेवारीत मंगलचा फोन आला. "हुरडा आलाय, ये. पण या वर्षी हमीदचाचाला बोलवायचं न्हाई म्हंत्यात पोरं." मी विचारलं, "मग भाजणार कोण?" "तेच तर!" म्हणाली आणि फोन ठेवला. माझं डोकंच फिरलं. गुडघे बोंबलत होते, तरी रविवारी पहाटे पिशवी उचलली.

मंगल माझी भिंगारच्या शाळेतली मैत्रीण. माझे वडील तिथल्या लष्करी डेपोत कारकून होते, तिचे शेजारच्या क्वार्टरमध्ये. लग्न होऊन ती मिरजगावच्या आत एका गावात गेली. गावाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर पुढच्या वर्षी मला कोणी ताकसुद्धा विचारणार नाही. गेली बारा वर्षं मी दर जानेवारीला तिच्या शेतावर हुरडा खायला जाते, आणि भाजायला कायम हमीदचाचा. गावात त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. मंगलच्या नवऱ्याचे, भाऊसाहेबांचे, ते शाळेतल्या बिगारीच्या वर्गापासूनचे दोस्त. आता ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती आणि मंगलचा विशाल उभा होता. त्यात गावाच्या मोबाईल ग्रुपवर कुणीतरी 'त्या' लोकांना कामं देऊ नका असं टाकलं. चाचांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? काही नाही. पण तीन महिने दुकानात चिटपाखरू नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी सांगते: पुण्यात वाकडेवाडीहून नगरची एसटी भल्या सकाळीच धरा, नाहीतर वाघोलीतच तुमचा हुरडा होईल. आम्हा बायकांना अर्धं तिकीट. त्यावरून शिरूरनंतर एक फेटेवाले कंडक्टरवर घसरले. "बायांना अर्धं, म्हाताऱ्यांना फुकट, आमी गड्यांनीच काय पाप केलं?" शेजारची आजी म्हणाली, "पुरं तिकीट काढलं म्हून दोन माणसांची जागा घेतलीया की! आधी पाय आवरा." अख्खी गाडी हसली, फेटेवालेही हसले. मग त्यांनीच आजीला पेरू कापून दिला, मीठ लावून. दोन सीट मागे दोघेजण वेगवेगळ्या पक्षांवरून एकमेकांची आयमाय काढत होते, त्यांनाही एकेक फोड गेली. मला वाटलं, अजून एवढं काही बिघडलेलं नाही. मी मूर्ख आहे, हे मला संध्याकाळपर्यंत कळलं.

नगरला गाडी बदलायची. सोलापूर रस्ता आता चांगला झालाय, तास-दीड तासात मिरजगाव. हायवेलगत हुरड्याची शेतं थाटली आहेत, माणशी पाचेकशे रुपयांत बैलगाडीची चक्करसुद्धा मिळते. कुणी ओळखीचं नसेल तर तिथं जा, वाईट नसतं. मला न्यायला भाऊसाहेब मोटारसायकलवर आले होते. वाटेत मी चाचांचा विषय काढला. "इलेक्शन होऊ द्या, ताई," ते म्हणाले. "पोराचं भविष्य हाय." मागे बसून मी त्यांच्या मानेकडे बघत राहिले. रागही आला आणि कीवही.

शेतात वीसेक माणसं जमली होती. आगटी म्हणजे हुरडा भाजायचा छोटा खड्डा. त्यात गोवऱ्या पेटवायच्या, जाळ पूर्ण बसू द्यायचा आणि मग निखाऱ्यात कणसं खुपसायची. विशालच्या दोस्तांना दम कुठला! भडकलेल्या जाळातच कणसं कोंबली. वरून कोळसा, आत दाणा कच्चा. एकाने ते तसंच चोळलं आणि हात झाडत नाचायला लागला. बाया पदराआड फिदीफिदी हसत होत्या. मंगल उठली. काळं कणीस तिने विशालपुढे धरलं. "घे. हे खायला घालून मतं माग."

आणि फोन लावला. "चाचा, या. पोरांनी शेत पेटवायचं बाकी ठेवलंय."

चाचा दहा मिनिटांत आले. मानपान काही नाही. मला तर ते यायलाच नको होते असं वाटलं, इतके पटकन आले. सदरा मात्र इस्त्रीचा होता, म्हणजे सकाळपासून तयार होऊन बसले असणार. आगटी विस्कटून त्यांनी राख नीट केली, गूळभेंडी ज्वारीची कणसं खुपसली आणि उकिडवे बसले. माझी जागा त्यांच्या शेजारी. गरम कणीस तळहातावर चोळून पहिली मूठ त्यांनी मला दिली. हिरवा, गोड, वाफाळता हुरडा, वर जवसाची चटणी.

"धंदा कसाय, चाचा?" कुणीतरी बोलून गेलं.

"निवांत हाय," चाचा म्हणाले. "पण मला भाहेर ठिवायला गावाला गेट बसवायचं ठरलं, तर काम मलाच द्या. घरचं समजून मजबूत करतो."

क्षणभर कुणाला कळेना हसावं की काय. मग भाऊसाहेबच पहिल्यांदा हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि मग सगळेच सुटले. विशालच्या दोस्तांनीही चाचांच्या पाठीवर थापा मारल्या. मंगलने ताकाचा पहिला तांब्या त्यांच्या हातात दिला. कसला ग्रुप आणि कसलं काय, असं वाटायला लागलं.

तेवढ्यात विशालने मोबाईल काढला. स्टेटसला टाकायला सगळ्यांचा फोटो हवा होता. मोबाईल धरून तो नुसता उभा राहिला. एकदा चाचांकडे बघायचा, एकदा आईकडे. मंगल खाली बघत सुपातला भुसा फुंकायला लागली. भाऊसाहेबांना एकदम बैलांची आठवण झाली.

चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले. "आण रं हिकडं. तुला फोटो काढायची अक्कल न्हाई, मी काढतो."

विशालने मोबाईल देऊन टाकला. पोराच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती, आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांच्याच.

"मॅडम, जरा अलीकडं सरका," चाचा मला म्हणाले. "मधी मोकळं दिसतंय." मी सरकले. "आन् हसा की! निवडून आल्यावर कोन हसू देतंय?"

आम्ही हसलो. अगदी मनापासून हसलो, हेच वाईट.

पुण्याला पोचेपर्यंत अंधार पडला होता. मंगलने बांधून दिलेला हुरडा नवऱ्यापुढे ठेवला, फोटो दाखवला. तो चष्मा लावून म्हणाला, "काय खूश दिसताय गं सगळे! कोण एवढं हसवत होतं?"

"फोटो काढणारा," मी म्हटलं.

"मग त्यालाही घ्यायचं ना एका फोटोत."

या लेखाला लावायला माझ्याकडे तो एकच फोटो आहे. लावला नाही. त्यात आगटीच्या कडेला चाचांच्या जागेवर सरकून, दात काढून हसणारी बाई मी आहे.